पीसी तापतोय आणि बंद पडतोय: ही दोन दुखणी आधी वेगळी करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आय५-१२४००एफ प्रोसेसर, त्याच्या डब्यातूनच आलेला पंखा, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, पुढच्या बाजूला काच असलेलं कॅबिनेट, आणि हे सगळं अकोल्यात स्लॅबखालच्या खोलीत. हिवाळ्यात घेतलं तेव्हा मशीन झकास चालत होतं. एप्रिलपासून गेम सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत फ्रेम अडखळायला लागतात, कोपऱ्यात प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा ९५ च्या आसपास दिसतो, आणि अधूनमधून मशीन धप्पकन बंद होतं. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर (पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा) टाका, सात-आठ हजारांत काम होईल. टाकू का, हा तुमचा मुख्य प्रश्न. आणि जाता जाता, डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडली तर चालेल का, हा दुसरा.

लिक्विड कूलर बहुतेक लागणार नाही. ‘बहुतेक’ म्हणतोय, कारण मशीन समोर नाही आणि तीन-चार गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. त्या पुढे विचारतोच. पण आधी एक गाठ सोडवू. तुमच्या तक्रारी दोन आहेत, अडखळणं आणि बंद पडणं, आणि दुकानदारासकट सगळ्यांनी दोन्हींचं खापर एकाच आकड्यावर फोडलंय.

तुमच्या प्रोसेसरची इंटेलने दिलेली मर्यादा १०० अंश आहे. तिथवर पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, वीज कमी खातो आणि आकडा तिथेच रोखून धरतो. वेग पडला की फ्रेम अडखळणारच. म्हणजे तुमची पहिली तक्रार उष्णतेशी जुळते. दुसरी जुळत नाही. प्रोसेसर जिवावर बेतल्यावर सगळं बंद करतो हे खरं, पण ती वेळ १०० च्या बऱ्याच वर गेल्यावर येते, आणि त्याआधी मशीन गोगलगाईच्या गतीने चाललेलं तुम्हाला दिसलं असतं. ९५ वर चालता चालता थेट अंधार झाला, तर माझा पहिला संशय विजेवर जातो.

म्हणून विजेचं आधी बघू, त्याला पैसेही लागत नाहीत. पुढच्या वेळी मशीन बंद पडेल तेव्हा तीन गोष्टी बघा. मॉनिटर पण गेला का? तो त्याच यूपीएसवर असेल आणि दोन्ही एकदम गेले, तर दोष कॅबिनेटमध्ये नाहीच, यूपीएसमध्ये आहे. मॉनिटर चालू राहिला आणि ‘सिग्नल नाही’ म्हणाला, तर दोष पीसीच्या आत. स्क्रीन काळी पण पंखे विमानासारखे घोंघावतायत, तर ग्राफिक्स कार्डाकडे वळायचं. दुसरी गोष्ट: बटण दाबल्यावर लगेच सुरू होतं का? लगेच होत असेल तर उष्णतेचा संबंध कमी. दहा-पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय जीवच धरत नसेल, तर पॉवर सप्लाय तापून स्वतःला बंद करत असण्याची शक्यता मोठी. तिसरी: त्या क्षणी घरातले दिवे मिचकावले का, यूपीएस ‘पीं’ करून ओरडला का?

यूपीएसचा हिशोब करून दाखवतो, कारण गेमिंग पीसी घेणारे नव्वद हजार खर्चून शेवटी जुन्याच मशीनचा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस लावतात, हे मी सतत बघतो. त्याच्या मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात वॅट लिहिलेले असतात. साधारण ३६०, कधी त्याहून कमी. आता तुमचं कार्ड पूर्ण भारावर १७० वॅट घेतं, आणि क्षणभर त्याच्या वरही उसळी मारतं. प्रोसेसर गेममध्ये साठ-सत्तर, जोर लागला तर ११७ पर्यंत. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीस-पन्नास. मॉनिटर पंचवीस-तीस. शिवाय पॉवर सप्लाय स्वतः दहा-पंधरा टक्के उष्णतेत उडवतो. बेरीज ३०० ते ४०० मध्ये कुठेतरी जाते. म्हणजे लाइन व्यवस्थित असेपर्यंत गाडी चालते. संध्याकाळी आख्ख्या गल्लीचे कूलर आणि एसी सुरू झाले, व्होल्टेज पडलं, यूपीएस बॅटरीवर गेला, की त्याला हा भार पेलत नाही. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर बोलायलाच नको. आणि उन्हाळ्यात, गेममध्येच, मशीन बंद पडतं म्हणून आपण उष्णतेला दोष देतो.

खात्री करायची असेल तर एक दिवस यूपीएस बाजूला ठेवा. पीसी थेट भिंतीतल्या चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटमध्ये लावून त्याच वेळी तोच गेम खेळा. सेव्ह करत राहा, लाइट गेली तर गेली. त्यात बंद पडलं नाही तर उत्तर मिळालं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल. ती बघून घाबरू नका आणि तिच्यावर निदानही करू नका. मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, एवढंच ती सांगते.

आता खऱ्या उष्णतेकडे. इथे माझी पद्धत थोडी वेगळी आहे. बहुतेक जण सर्वात वरचा आकडा विचारतात: किती गेलं, ९०, ९५? मी विचारतो, तिथवर जायला किती वेळ लागला. उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकमध्ये (पंख्याखालचा धातूचा ठोकळा), हीटसिंकमधून कॅबिनेटच्या हवेत, कॅबिनेटमधून खोलीत, अशी टप्प्याटप्प्याने बाहेर पडते. आकडा किती वेगाने चढतो त्यावरून ती नेमक्या कुठल्या टप्प्यावर अडकली आहे ते कळतं.

यासाठी एचडब्ल्यूइन्फो६४ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. सुरू करताना ‘सेन्सर्स-ओन्ली’वर टिक करा. खिडकीत शेकडो ओळी येतील. तुम्हाला लागतात त्या चार-पाचच: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) पॅकेजचं तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर, थर्मल थ्रॉटलिंगसमोरचं (तापल्यामुळे वेग कमी होणं) ‘येस’ किंवा ‘नो’, जीपीयूचं (ग्राफिक्स कार्डाची चिप) तापमान आणि जीपीयू हॉट स्पॉट, म्हणजे त्या चिपवरची सर्वात गरम जागा. मशीन अर्धा तास बंद ठेवून सुरू करा, खोलीचं तापमान लिहून ठेवा, खालच्या घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करून जुने आकडे पुसा, आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी लावा. पहिला अर्धा मिनिट डोळे आकड्यावरून हटवू नका, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

भार पडल्यावर दोन-चार सेकंदांतच आकडा पंचेचाळीसवरून पंच्याण्णववर उडाला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. प्रोसेसर आणि हीटसिंक यांचा संपर्क नीट नाही. तुमच्या डब्यातल्या पंख्याला, लॅमिनार आरएम१ ला, चार कोपऱ्यांवर प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. आतली काळी पिन, बाहेरून दोन भागांत फुटणारा पाय. ही रचना मला कधीच आवडली नाही. तीन खुंट्या घट्ट आणि चौथी अर्धवट, असं बसलेलं वरून बघून कळत नाही. पंखा हलतही नाही, पण हीटसिंकची एक बाजू केसभर उचललेली राहते. मशीन कुरिअरने किंवा एसटीच्या डिकीतून आलं असेल तर धक्क्यांनी एखादी खुंटी निसटलेली सापडतेच. कॅबिनेट आडवं करा, दोन्ही बाजूंची झाकणं काढा, आणि मदरबोर्डच्या मागच्या बाजूने बॅटरीच्या उजेडात बघा. चारही भोकांतून पाय पूर्ण बाहेर आलेला आणि मधोमध काळी पिन उतरलेली दिसली पाहिजे. एक जरी वेगळी दिसली तरी चोर सापडला. बसवताना आधी कर्णातल्या समोरासमोरच्या दोन दाबायच्या, मग उरलेल्या दोन. खटका स्पष्ट ऐकू येतो. काढायला टोपीवरच्या बाणाच्या दिशेने पाव वळसा.

पंखा एकदा उचलला की थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधली, उष्णता पोचवणारी) नवीन लावायचीच. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्यभागी छोटा ठिपका द्या, हीटसिंकचा दाब बाकीचं पसरवतो. पेस्ट महागडी आणावी का, असं नेहमी विचारतात. साध्या आणि महागड्या पेस्टमध्ये तुमच्या या प्रोसेसरवर फरक दोन-तीन अंशांचा; नीट बसलेल्या आणि तिरक्या बसलेल्या हीटसिंकमधला फरक वीस अंशांचाही असू शकतो.

आकडा उडी न मारता एक-दोन मिनिटांत चढत जाऊन ९०च्या वर स्थिरावला, तर संपर्क ठीक आहे, पण हीटसिंकला इतकी उष्णता झेपत नाहीये. इथे सीपीयू पॅकेज पॉवर बघा. इंटेलच्या कागदावर १२४००एफ चे दोन आकडे आहेत: सतत चालण्यासाठी ६५ वॅट, थोड्या वेळाच्या जोरासाठी ११७. पण बरेच मदरबोर्ड ही ६५ ची मर्यादा मुळातच उघडी सोडतात. एमएसआयच्या बोर्डांवर तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) कूलरचा प्रकार विचारतात: बॉक्स्ड, टॉवर की वॉटर. जोडणाऱ्याने ‘वॉटर’ निवडून ठेवलं असेल तर बोर्ड प्रोसेसरला हात सैल सोडतो, आणि खाली बसलाय तो बिचारा डब्यातला पंखा. ते बदलून ‘बॉक्स्ड’ करा किंवा लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट ६५ वर आणा. सिनेबेंचचा स्कोअर थोडा घसरेल, गेममध्ये तुम्हाला जाणवेल असं मला वाटत नाही, कारण ३०६० सोबत बहुतेक गेम कार्डावर अडतात, प्रोसेसरवर नाही. त्याच बायोसमध्ये प्रोसेसरचा पंखा ‘सायलेंट’वर तर नाही ना, हेही बघून घ्या.

तिसरी चढण तुमच्या वर्णनाशी जास्त जुळते. पहिली दहा मिनिटं सगळं ठीक, मग हळूहळू आकडा वर, आणि वीस-पंचवीस मिनिटांत हद्द. इतका संथ चढ कॅबिनेटमधली हवा तापत गेल्याचा, किंवा खोलीच तापत गेल्याचा असतो. सिनेबेंचमध्ये हा चढ कदाचित दिसणारच नाही, कारण त्यात ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असतं. म्हणून ही चाचणी गेम लावूनच करा, आणि दुसऱ्या दिवशी तशीच, पण कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून. झाकण काढल्यावर आकडा सात-आठ अंशांनी किंवा जास्त उतरला, तर हवा कोंडतेय. एक-दोन अंशच उतरला, तर कॅबिनेटला दोष देऊ नका.

पुढून अख्खी काच असलेली कॅबिनेटं शोरूममध्ये फार सुंदर दिसतात. आत तीन रंगीत पंखे फिरतात, पण त्यांना हवा मिळते ती काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून. आतले पंखे उलटे बसवलेलेही मी पुष्कळ बघितलेत, रंगीत बाजू बाहेर दिसावी म्हणून. पंख्याची हवा ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, त्या बाजूने बाहेर पडते. शंका असेल तर अगरबत्ती लावून धूर कुठे ओढला जातो ते बघा: पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. पुढची काच काढता येत असेल तर उन्हाळाभर काढूनच ठेवा. जाळी लावून घ्या, दिसायला कसंही दिसो.

आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट: कॅबिनेट ठेवलंय कुठे? कॉम्प्युटर टेबलाच्या त्या खास खणात असेल, ज्याला मागे प्लाय आणि पुढे दार असतं, तर वरचं सगळं नंतर. आधी ते बाहेर काढा. त्या खणात मागून निघालेली गरम हवा प्लायला आपटून पुन्हा पुढून आत जाते. गादीवर, सतरंजीवर ठेवलेलं असेल तर पॉवर सप्लायची खालून हवा घ्यायची जाळी बंद होते, आणि आपण वर ज्या बंद पडण्याबद्दल बोललो त्याचं हेही एक कारण ठरू शकतं.

धुळीबद्दल लांबण लावत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फक्त ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती क्षमतेपेक्षा जास्त वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

ग्राफिक्स कार्डाचं वेगळं बघा. ३०६० साठी एनव्हिडियाने दिलेली मर्यादा ९३ अंश आहे. गेममध्ये सत्तर ते ब्याऐंशी दिसत असेल तर ते सुखात आहे. मी हॉट स्पॉट आणि साधं तापमान यांच्यातलं अंतर बघतो. दहा-पंधरा अंश नेहमीचं. पंचवीस-तीस झालं तर कार्डाच्या आतली पेस्ट वाळली किंवा सरकली असावी. वॉरंटी बाकी असेल तर स्वतः उघडू नका, कंपनीकडे द्या. आतले थर्मल पॅड (उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या) ठरावीक जाडीचे असतात. चुकीच्या जाडीचे बसवले तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही.

हिवाळ्यात का चाललं, याचं उत्तर साध्या बेरजेत आहे. हवेवर थंड होणारं कुठलंही मशीन खोलीच्या वर काही अंश राहतं. पंखा आधीच पूर्ण वेगाने फिरत असेल तर खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसर वर जातो. जानेवारीत खोली २५ आणि प्रोसेसर ७८ असेल, तर मे महिन्यात खोली ४१ झाल्यावर तोच प्रोसेसर ९४ वर जाणार. काही बिघडलेलं नाही, तरी जाणार. त्यात स्लॅब दिवसभर तापलेला. संध्याकाळी सातला बाहेर वारा सुटला तरी आत तो उष्णता सोडतच असतो. आणि गेम चालू असताना पीसी खोलीत तीनशे-साडेतीनशे वॅट ओततोय, म्हणजे दार लावलेल्या खोलीत आणखी तीन माणसं येऊन बसल्यासारखं.

लिक्विड कूलर इथेच फसवतो. पाणी उष्णता फक्त वाहून नेतं. रेडिएटरमधून ती सोडली जाते त्याच कॅबिनेटच्या, त्याच खोलीच्या हवेत. खोलीच्या खाली तो जाऊच शकत नाही. पुढच्या काचेमागे रेडिएटर लावला तर त्यालाही हवा मिळणार नाही, वर त्याची गरम हवा ग्राफिक्स कार्डावर. ११७ वॅटच्या प्रोसेसरला हे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आय७-१४७००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असता, तर मी स्वतःच तुम्हाला मोठा लिक्विड कूलर घ्या म्हटलं असतं.

त्यापेक्षा उष्णता तयारच कमी होऊ द्या. तुमचा मॉनिटर किती हर्ट्झचा आहे ते लिहिलेलं नाही. ६० किंवा ७५ चा असेल आणि गेम १४० फ्रेम काढत असेल, तर निम्मं काम वाया जातंय आणि त्या वाया गेलेल्या कामाचीही उष्णता तुमच्याच खोलीत येते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ मॉनिटरइतका बांधून टाका. यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. मग एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. वीज पाचव्या हिश्शाने कमी होते, फ्रेम त्या मानाने फार थोड्या जातात. अंडरव्होल्टिंगही (चिपला नेहमीपेक्षा कमी व्होल्टेज देणं) करता येतं, पण त्यात गेम मधेच क्रॅश होतो की नाही हे तपासत बसावं लागतं. आत्ता दोन दुखणी वेगळी करायची असताना तिसरं मागे लावून घेऊ नका.

एवढं करूनही सीपीयूचा आकडा ९० च्या खाली येत नसेल, तर दीड-दोन हजारांच्या आसपासचा, १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या. फक्त मदरबोर्डच्या मागे बॅकप्लेट (आधाराची पट्टी) आणि स्क्रू असलेला बघून, खुंट्यांचा नको. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा, नाहीतर झाकण बसत नाही. यूपीएस दोषी निघाला तर मात्र पैसे तिकडे आधी: १००० व्हीएच्या पुढचा, आणि दुकानात व्हीए नव्हे, वॅट विचारून. हे सगळं एकाच रविवारी बदलू नका. एका वेळी एक बदल, आणि प्रत्येक वेळी खोलीचं तापमान शेजारी लिहायचं, नाहीतर पावसाच्या एका सरीचं श्रेय नवीन पेस्टला जाईल.

राहिला डेझर्ट कूलर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की चांगला कूलर खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, आणि वरच्या बेरजेप्रमाणे तितकाच फायदा पीसीला मिळतो. चालू मशीन खोलीपेक्षा गरम असल्यामुळे त्यावर दव धरण्याची भीतीही नाही. तरी झोत थेट कॅबिनेटवर नको. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि तुमच्याकडे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी त्यात असेल तर तुषार सुकल्यावर मागे क्षार राहतो. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर जमतो तोच मदरबोर्डवर जमला तर पिना गंजतात. म्हणून कूलर एका भिंतीला, पीसी समोरच्या भिंतीला झोताच्या रेषेतून बाजूला, जमिनीपासून वीतभर वर. आणि पीसीच्या जवळची खिडकी उघडी, म्हणजे मशीनची गरम हवा कूलरच्या हवेबरोबर बाहेर जाईल. खिडकी बंद ठेवली तर तासाभरात खोली दमट होते आणि कूलर नुसताच पंखा उरतो. पाऊस लागल्यावरही तसंच, तेव्हा पाण्याची मोटर बंद करून फक्त हवा घ्या.